बोरीची वाळू आणि चंद्राचा हिशेब

या रे बाळांनो, पुढे सरकून बसा. आज गोष्ट आहे आपल्या बोरी नदीची, अमळनेरच्या वाडीची आणि आकाशातल्या एका हिशेबाची. या तिघांचं एकमेकांशी काय नातं, ते हळूहळू उलगडत नेतो. मध्ये प्रश्न सुचला तर लगेच विचारायचा, मागाहून नाही.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते. तुम्ही पाहिली आहे ती. महाराजांची समाधी नदीच्या पात्रातच आहे, आणि यात्राही तिथेच, बोरीच्या वाळवंटात भरते. पाळणे उभे राहतात, भांड्यांची दुकानं लागतात, गोडशेव आणि रेवड्यांचे ढीग रचले जातात, रसवंतीची घुंगरं वाजत राहतात. वाळूत पाय रुतवत गावोगावची माणसं चालत येतात. आपल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ध्वज लागतो. शुद्ध एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. खान्देशात अमळनेरला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात ते वाडीमुळे, म्हणजे महाराजांच्या संस्थानामुळे.

धाकटीचे डोळे बघा कसे लुकलुकताहेत. विचार बाई.

"आबा, नदीत दुकानं लावली आणि पूर आला तर?"

शाबास! अगदी हाच प्रश्न. लोक दोनशे वर्षं नदीच्या अंगावर बिनधास्त येऊन बसतात, ते कशाच्या भरवशावर? देवावर विश्वास आहेच. पण त्या विश्वासाला हिशेबाची जोड आहे, आणि तो हिशेब इतका चोख आहे की ऐकताना मला अजून थरारून जायला होतं.

आधी महाराजांबद्दल थोडं. सखाराम महाराज वारकरी. पंढरीची वारी हेच त्यांचं व्रत. १८१८ साली, वैशाखात, त्यांनी देह ठेवला. ते साल साधं नव्हतं. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. फेब्रुवारीत इथून फार लांब नसलेल्या, तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रजांनी तोफा चालवल्या. राज्य जात होतं, दुसरं येत होतं, वाटा सुरक्षित नव्हत्या. अशा दिवसांत या नदीकाठी भजन चालू राहिलं. महाराजांच्या मागे शिष्यपरंपरेने गादी चालली, वाडी वाढली, वारीही चुकली नाही. आज त्या गादीवर प्रसाद महाराज आहेत. २०१८ साली समाधीला दोनशे वर्षं झाली तेव्हा अमळनेरात केवढा सोहळा झाला! संस्था दोनशे वर्षं टिकते ती दगडविटांच्या जोरावर टिकत नाही. दरवर्षी ठरल्या तिथीला ठरलेली माणसं ठरलेलं काम करायला येतात. रथाचा दोर कुणी ओढायचा, चाकाखाली मोगरी कुणी द्यायची, पंगतीत कुणी वाढायचं, हे घराघरांत ठरलेलं असतं. बाप करतो ते मुलगा बघतो आणि एक दिवस त्याच्या हातात येतं.

मोगरी ठाऊक आहे ना? लाकडाचा जाडजूड ठोकळा. एवढा अवजड रथ एकदा गतीत आला की आपण होऊन थांबत नाही. जितकं वजन जास्त, तितकी त्याची चालू गती मोडणं कठीण. त्याला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. मग जाणकार माणूस चाकाच्या बरोबर खाली मोगरी सरकवतो. एका बाजूचं चाक अडलं की दुसरी बाजू पुढे येते आणि रथ वळतो. दोन्ही बाजूंना दिली की थांबतो. क्षणभर उशीर झाला तर हात चाकाखाली जाईल, म्हणून हे काम सरावाच्या माणसाचंच. त्याने कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलेलं नसतं, पण ते त्याच्या मनगटात मुरलेलं असतं.

आता नदीकडे वळू. बोरी दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून येते, पारोळा तालुक्यातून अमळनेरला पोचते आणि पुढे तापीला मिळते. तापी कशी, तर मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून सातशे चोवीस किलोमीटर पश्चिमेला धावत सुरतेपाशी समुद्राला मिळणारी. आपल्या देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. तापी आणि नर्मदा मात्र उलट्या दिशेने, कारण जमिनीला पडलेल्या मोठ्या भेगांच्या खोलगट पट्ट्यांतून त्या वाहतात.

उत्तरेकडच्या गंगेला उन्हाळ्यातही पाणी असतं. तिच्या डोक्यावर हिमालयाचं बर्फ आहे, ऊन तापलं की ते वितळतं. बोरीच्या डोक्यावर बर्फ कुठलं? तिला मिळतो तो चार महिन्यांचा पाऊस, वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर. आणि पायाखाली काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, त्याचा हा बेसाल्ट. फार घट्ट दगड. पाणी त्याच्या फटींत आणि सांध्यांत राहतं, अंगात फारसं मुरत नाही. म्हणून दिवाळीनंतर ओढे बारीक होतात, माघात नदीची धार तुटते, चैत्र लागेपर्यंत उरतात ते डोह आणि वाळू. वर तामसवाडीला बोरीवर धरण झालं, त्यामुळे खालचं वाहणं आणखी आटलं. पण धरण नव्हतं तेव्हाही वैशाखातली बोरी अशीच कोरडी असायची.

कोरडी म्हटलं खरं, पण वाळूत हात घालून बघा. मी लहान असताना आम्ही पात्रात झिरे खणायचो. वरची वाळू इतकी तापलेली की पाय ठेववत नाही. भर दुपारी उघड्या वाळूचं तापमान साठ अंशांपर्यंत चढतं. पण कोपरभर खोल गेलं की ओल लागते, आणखी थोडं खाली गेलं की खड्ड्याच्या तळाशी पाणी गोळा व्हायला लागतं. पहिलं गढूळ, ते उपसून टाकायचं, दुसरं नितळ. वरती आग आणि हातभर खाली गार पाणी, हे कसं?

ऐका. पाणी बारीक फटींतून स्वतःहून वर चढतं. फट जितकी बारीक तितकं ते जास्त चढतं. मातीच्या कणांमधल्या फटी फार बारीक, म्हणून काळ्या रानातली ओल वर वर येत राहते आणि सूर्य ती पिऊन टाकतो. वाळूचे कण जाडे, त्यांच्यामधल्या जागा मोठ्या, म्हणून पाणी वीतभरच चढतं आणि थांबतं. वरची वाळू एकदा सुकली की खालच्या पाण्याची वर यायची वाटच तुटते. मग सूर्याने कितीही डोळे वटारले तरी खालचं पाणी त्याच्या हाती लागत नाही. एक घनमीटर जाड वाळूतून दोनशे-अडीचशे लीटर पाणी मिळू शकतं. आता मला सांगा, कुणी एक ब्रास वाळू ट्रॅक्टरमध्ये भरून नेली तर त्याने काय नेलं? सहाशे-सातशे लीटर पाणी साठवायची जागाच उचलून नेली. बोरीची वाळू अशी गेलेली बघितली की माझा जीव तुटतो. घर बांधायला वाळू लागते हे मला कळतं. पण नदीकाठच्या विहिरींची पातळी त्या वाळूशी बांधलेली आहे, हे प्रत्येक गावाला माहीत असायला हवं.

याच वाळूचा दुसरा गुण यात्रेच्या कामी येतो. सुकी वाळू लवकर तापते तशी लवकर निवतेही. तिच्या कणांमध्ये हवा असते, त्यामुळे दिवसाची उष्णता ती खोलवर जाऊ देत नाही. वरचा पातळ थरच काय तो तापतो. वैशाखात आपल्याकडे हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, म्हणून दिवस मावळला की तो थर आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देतो. गावातल्या सिमेंटच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग देत असतात, तेव्हा पात्रातल्या वाळूवर पथारी टाकून माणसं निवांत पडलेली असतात. यात्रा रात्री रंगते, त्यामागे हे कारण आहे.

आखाजीची घागर आठवते? आजी पितरांसाठी मातीची घागर भरते, वर डांगर आणि आंबा ठेवते. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या यांच्यात तुमचं लक्ष असतं. या वर्षी जरा घागरीकडे बघा. तिच्या अंगातून पाणी झिरपतं आणि हवेत उडून जातं. पाणी उडायला उष्णता लागते, ती ते आतल्या पाण्याकडून घेतं. पाव लीटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी दहा लीटर पाण्यातून काढली तर ते चौदा अंशांनी गार होईल. बाहेरची हवा थोडी उष्णता परत देते म्हणून प्रत्यक्षात इतकं होत नाही, तरी पाणी गार लागतं. कोकणात हीच घागर ठेवा, पाणी एवढं गार होणार नाही, कारण तिथली हवा आधीच दमट. खान्देशच्या कोरड्या उन्हाला सगळे नावं ठेवतात, पण घागर गार होते ती त्याच कोरडेपणामुळे.

आता धाकटीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. यात्रा वैशाखात असते म्हणून पूर येत नाही, एवढं सांगून सुटका होत नाही. कारण वैशाख उन्हाळ्यातच का येतो, हे कुठे सांगितलं?

तिथी म्हणजे काय ते आधी समजून घ्या. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामधलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी झाली. दोघं एका दिशेला आले की अमावास्या, समोरासमोर आले की पौर्णिमा. एकादशीला चंद्र सूर्याच्या एकशे वीस अंशांहून पुढे गेलेला असतो. म्हणून त्या संध्याकाळी तो आधीच वर आलेला दिसतो आणि पहाटे तीनच्या सुमाराला मावळतो. अमळनेरचा रथ रात्री निघतो. विजेचे दिवे नव्हते तेव्हा मशालींच्या जोडीला हा चंद्र अर्ध्याहून जास्त रात्र वाट दाखवायचा. पौर्णिमेला तर सूर्य मावळताच उगवून सकाळपर्यंत सोबत. आपले बहुतेक उत्सव शुद्ध पक्षात का, याचं एक उत्तर मला यात दिसतं.

खळ्यावर मळणी पाहिली आहे तुम्ही? निदान ऐकलं तरी आहे. मधे मेढ, भोवती बैल फिरतात. समजा, दोन बैल वेगवेगळ्या कड्यांवर फिरताहेत. बाहेरचा संथ, तो सूर्य. त्याची फेरी तीनशे पासष्ट दिवसांची. आतला चपळ, तो चंद्र. तो पुन्हा पुन्हा सूर्याला गाठतो. एकदा गाठल्यापासून पुन्हा गाठेपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात, तो आपला महिना. असे बारा महिने मोजले की तीनशे चोपन्न दिवस होतात. सूर्याची फेरी मात्र अजून अकरा दिवस बाकी असते. म्हणजे बारा महिने झाले म्हणून आपण नवं वर्ष सुरू केलं, तर ते ऋतूच्या अकरा दिवस आधी सुरू होतं. दरवर्षी अकरा दिवस आधी, आणखी आधी.

प्रत्यक्ष तारखा बघा. रथाची एकादशी २०२४ साली १९ मेला आली. २०२५ साली ८ मेला. २०२६ साली २७ एप्रिलला. दर वर्षी अकरा दिवस मागे. असंच चालू राहिलं असतं तर वीसेक वर्षांत ही एकादशी मागे सरकत सप्टेंबरात पोचली असती, भर पावसाळ्यात. यात्रेकरू पात्रात आणि बोरी दोन्ही थड्या भरून! मुसलमानांच्या महिन्यांचा हिशेब निव्वळ चंद्राचा आहे. त्यांनी तो ठरवूनच तसा ठेवला आहे, म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात, आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्यांची इबादत नदीच्या पात्राशी बांधलेली नाही. आपली यात्रा आहे. आपली शेती, वारी, लग्नसराई, सगळंच ऋतूशी बांधलेलं. म्हणून आपल्या पूर्वजांनी धोंडा महिना घातला. अधिक मास. तुमच्या आईला तो जावयाच्या अनारशांमुळे आठवतो, आणि मला या हिशेबामुळे.

तो केव्हा घालायचा याचा नियम फार देखणा आहे. सूर्य दर महिन्याला एक राशी ओलांडतो. ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलतच नाही, तो महिना अधिक. कुणी राजाने फर्मान काढायला नको, कुणा पंडिताच्या मर्जीचा प्रश्न नाही. आकाशच सांगतं. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी असा महिना येतो. आणि तो बहुधा चैत्रापासून आश्विनापर्यंतच का येतो, माहीत आहे? पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सगळ्यात लांब असते, तेव्हा ती जरा हळू चालते. त्या दिवसांत सूर्याला एक राशी ओलांडायला एकतीसहून जास्त दिवस लागतात, आणि साडेएकोणतीस दिवसांचा महिना आत सहज मावतो. थंडीत सूर्य घाईत असतो, तेव्हा तशी फट मिळत नाही.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ येतो. म्हणून २०२७ ची एकादशी अकरा दिवस मागे जात नाही. ती उडी मारून पुन्हा मेच्या मध्यावर येते. अशी ती मागे-पुढे झुलत राहते, पण एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा शेवटचा आठवडा, या महिन्याभराच्या बाहेर जात नाही. आणि खान्देशात मोसमी पाऊस येतो जूनच्या मध्याला. अवकाळीची एखादी सर येऊन मांडव उडवून देते, ते वेगळं. पण नदीला पाऊसकाळचं पाणी येण्याआधी दुकानं उठलेली असतात. कळलं का धाकटे, पूर का येत नाही?

या हिशेबात आणखी एक गंमत आहे. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात आणि चंद्र-सूर्याची वजाबाकी जवळजवळ पुरी फिटते. म्हणून एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात, फार तर एका दिवसाचा फरक पडतो. याचं उदाहरण देतो, पण त्यासाठी अमळनेरच्या दुसऱ्या एका वास्तूत जावं लागेल.

वाडीत भक्ती, तसं याच गावात ज्ञानाचंही एक ठिकाण उभं राहिलं. १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. गिरणीच्या मालकाने आपला पैसा माणसं शांतपणे विचार करत बसावीत म्हणून खर्च करावा, ही मला आजही अद्भुत वाटणारी गोष्ट आहे. शिकलेल्या तरुणांनी तिथे यावं, राहावं, वेदांत वाचावा, पश्चिमेकडचे तत्त्वज्ञ वाचावेत आणि वाद घालावा. घनश्यामदास मलकानींनी तिथे आयुष्य वेचलं. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे मोठे विचारवंत तिथे येऊन राहिले. खान्देशच्या उन्हात, कापसाच्या गावात, ब्रह्म आणि जगत यांवर चर्चा चालायच्या.

याच मंदिरात शिकायला एक कोकणातला लाजरा तरुण आला. पांडुरंग सदाशिव साने. मंदिरात तो फार रमला नाही. १९२४ साली तो इथल्या हायस्कुलात शिक्षक झाला, वसतिगृहातल्या मुलांची आई झाला, आणि अमळनेरने त्याचे साने गुरुजी केले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला त्यांनी उपोषण केलं. विठोबाच्या देवळाचं दार ज्यांना अस्पृश्य म्हणून बंद ठेवलं होतं, त्यांच्यासाठी ते उघडावं म्हणून. १ मे ते १० मे. देऊळ खुलं करायचं ठरलं तेव्हाच त्यांनी उपोषण सोडलं. वारकऱ्यांच्या गावात सहा वर्षं घालवलेल्या माणसाने वारकऱ्यांच्या देवासाठी केलेलं हे काम आहे, आणि माझ्या लेखी अमळनेरच्या इतिहासातलं ते फार मोठं पान आहे, जरी ते पंढरपुरात लिहिलं गेलं.

आता उदाहरण. त्या उपोषणाच्या दहा दिवसांत वैशाखी पौर्णिमा येऊन गेली. तारीख होती ५ मे १९४७. इकडे बोरीकाठी पालखीचा दिवस, तिकडे चंद्रभागेकाठी गुरुजींच्या उपोषणाचा पाचवा दिवस. आणि २०२३ साली वैशाखी पौर्णिमा कधी होती? ५ मेलाच. मधे शहात्तर वर्षं गेली. शहात्तर म्हणजे चार वेळा एकोणीस. दोन्ही वर्षी अधिक महिनाही तोच, श्रावण. गुरुजी नव्हते, इंग्रज नव्हते, गावची प्रताप मिल बंद पडून गेली होती. चंद्र मात्र ठरल्या तारखेला ठरल्या जागी हजर.

"म्हणजे आबा, हा हिशेब कधीच चुकणार नाही?"

थोरल्याने चांगलं विचारलं. चुकतो, पण फार हळू. पृथ्वीचा आस स्वतःच डुलतो. त्याची एक फेरी पुरी व्हायला जवळपास सव्वीस हजार वर्षं लागतात. आपलं पंचांग राशी मोजतं ती ताऱ्यांच्या आधाराने, आणि ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या आसाच्या कलण्यामुळे. या दोहोंत सत्तर वर्षांत सुमारे एक दिवसाचं अंतर पडतं. म्हणजे महाराजांनी समाधी घेतली तेव्हाच्या मानाने आजची यात्रा पावसाकडे तीनेक दिवस सरकली आहे. दोन हजार वर्षांत ती महिनाभर सरकेल आणि मग खरोखरच काही वर्षी बोरीचं पाणी तिला गाठेल.

हे ज्यांनी ओळखलं होतं त्यांतले एक शंकर बाळकृष्ण दीक्षित. कोकणातल्या मुरूडचे. शाळाखात्यात नोकरी केली, काही वर्षं इथे धुळ्यालाही शिकवलं. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ निघाला. मराठीत तोलामोलाचे ग्रंथ थोडे, त्यांतला हा. पंचांग ऋतूंशी जुळलेलं असावं, या मताचे ते होते, आणि त्यासाठी सायन पंचांग काढणाऱ्यांत त्यांचा पुढाकार होता. लोकांनी ते स्वीकारलं नाही. मला मात्र वाटतं, नदीत यात्रा भरवणाऱ्यांनी त्यांचं म्हणणं ध्यानात ठेवावं. घाई नाही, अजून पुष्कळ पिढ्या आहेत.

आता यात्रेनंतरची गोष्ट. वाळवंट रिकामं होतं, खड्डे बुजवले जातात, आणि ज्येष्ठात वाडीची पालखी पायी पंढरपूरला निघते. नकाशा काढा. अमळनेरवर बोट ठेवा आणि सरळ खाली आणा. बोट जवळजवळ पंढरपूरवरच येतं. दोन्ही गावांचे रेखांश पंचाहत्तर अंशांच्या थोडेच पुढे, एकमेकांपासून पाव अंशाच्या फरकाचे. म्हणजे ही वारी थेट दक्षिणेला चालते. सरळ रेषेत मोजलं तरी पावणेचारशे किलोमीटर. वाटेने त्याहून बरंच जास्त.

आणि त्याच दिवसांत दक्षिणेकडून वर कोण येत असतं? पाऊस!

मेच्या पंचवीस-सव्वीस तारखेला सूर्य दुपारी अमळनेरच्या अगदी डोक्यावर येतो. काठी रोवली तर सावली बुडातच राहते. महिनाभर अशा उभ्या उन्हाने उत्तरेकडची जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा आत येते. जूनच्या सुरुवातीला केरळ, मग कोकण आणि दक्षिण महाराष्ट्र, आणि मध्यापर्यंत आपला खान्देश. वारकरी कोरड्या मुलखातून दक्षिणेला चाललेले, पाऊस दक्षिणेकडून उत्तरेला निघालेला. कुठेतरी दोघांची गाठ पडते. कधी पारोळ्याच्या आसपासच, कधी गोदावरी ओलांडल्यावर. पहिला पाऊस अंगावर घेत भजन म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. टाळ थांबत नाहीत, उलट जास्त जोरात वाजतात. त्यांच्यातले निम्मे शेतकरी. मागे घरी पेरणीची वाट बघणारं रान आहे, हे त्यांच्या मनात असतंच.

पंढरपूरला पोचल्यावर त्यांना पुन्हा वाळवंट भेटतं. चंद्रभागेच्या पात्रातही पुंडलिकाचं देऊळ आहे, आणि मोठा पूर आला की ते पाण्यात बुडतं. बोरीच्या कोरड्या पात्रातून समाधीला नमस्कार करून निघालेला माणूस पुढे चंद्रभागेच्या पाण्यात उभा राहून पुंडलिकाला नमस्कार करतो. ते पाणी सह्याद्रीतल्या भीमाशंकराकडून आलेलं, वाटेत उजनीच्या धरणात थांबलेलं. एकाच माणसाच्या एकाच वारीत दोन नद्या आणि दोन ऋतू.

ही आषाढी एकादशीसुद्धा त्याच हिशेबाने मागे-पुढे होते. २०२३ साली ती २९ जूनला आली, आणि त्या वर्षी पाऊसही रेंगाळला, महाराष्ट्रभर पसरायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. त्या वर्षीच्या दिंड्या बहुतेक वाट उन्हात चालल्या. २०२६ साली मात्र अधिक ज्येष्ठामुळे आषाढी थेट २५ जुलैला. तेव्हा खान्देशातसुद्धा पेरण्या उरकलेल्या असाव्यात आणि वाटेवरचे ओढे वाहते असावेत. चालणाऱ्याची तहान कमी, चिखल जास्त. अशा वर्षी वारीला निघणाऱ्याने प्लॅस्टिकचा कागद पिशवीत तळाशी नाही, सगळ्यात वर ठेवावा, आणि मधल्या आळीतल्या काकांना हे सांगायचं काम उद्या सकाळी तुमचं.